कमरेला दोन मापे, दारूला एकच

बीबी (जि. बुलढाणा) : मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. येथे पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे आणि आजारपण आले की आसपासच्या खेड्यांतील माणसे प्रथम येथेच धाव घेतात. २० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री हे रुग्णालय देशभरातील वृत्तवाहिन्यांवर झळकले. सोमठाणा परिसरातील सप्ताहात एकादशीची भगर आणि आमटीचा प्रसाद घेतलेल्या दोनशेहून अधिक भाविकांना विषबाधा झाली. खाटा अपुऱ्या पडल्या. रुग्णालयाबाहेर रस्त्यावर रुग्णांना झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून, त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. खासगी डॉक्टरांनाही बोलावण्यात आले. ते दृश्य पाहून सारेच हळहळले आणि सरकारी यंत्रणाही हलली.

विषबाधा एका रात्रीत होते, म्हणून ती दिसते. दारूने होणारी यकृताची विषबाधा मात्र दहा-पंधरा वर्षे चालते. तिचे छायाचित्र निघत नाही. पोटात पाणी होऊन किंवा रक्ताची उलटी होऊन रुग्ण दारात येतो तेव्हा उपचारांसाठी हाती फारसे काही उरलेले नसते. या मूक आजाराला वेळीच गाठण्यासाठी सरकारी यंत्रणेकडे असलेले पहिले साधन म्हणजे आशा स्वयंसेविकेच्या पिशवीतील एक साधा अर्ज. ‘सीबॅक’ या नावाने ओळखला जाणारा हा अर्ज तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषासाठी भरायचा असतो. मात्र स्त्री आणि पुरुष यांच्या यकृतावर मद्याचा परिणाम वेगवेगळा होतो आणि त्या फरकामागे लैंगिक संप्रेरकांचा मोठा वाटा आहे, ही वैद्यकशास्त्राने गेल्या अर्धशतकात हळूहळू उलगडलेली बाब या अर्जापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

अर्जातील तफावत

या अर्जात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि कौटुंबिक इतिहास यांना गुण दिले जातात. बेरीज चारच्या पुढे गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते. कमरेच्या घेराचे निकष स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे आहेत. स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण सुरू होतात, पुरुषाचा ९० च्या पुढे गेल्यावर. चरबीच्या बाबतीत दोन शरीरे सारखी नाहीत, हे अर्ज तयार करणाऱ्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मान्यही केले.

दारूच्या रकान्यात मात्र एकच प्रश्न आहे : रोज दारू पिता का? उत्तर ‘होय’ असेल तर एक गुण, ‘नाही’ असेल तर शून्य. किती पिता, हे विचारलेले नाही आणि स्त्री-पुरुष असा फरकही केलेला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी एकेक क्वार्टर रिचवणारा माणूस या प्रश्नाला खरेपणाने ‘नाही’ असे उत्तर देऊ शकतो. बारीक अंगाचा, दिवसभर शेतात राबणारा, तंबाखू न खाणारा तिशीतील मजूर रोज एक क्वार्टर पीत असला, तरी दारूपोटी त्याला एकच गुण मिळतो आणि तेवढ्याने तो चारच्या पुढे जात नाही. स्त्रीचा प्रश्न तर याहून बिकट आहे. सासू, नवरा आणि मुले घरात असताना ओसरीवर विचारलेल्या या प्रश्नाला ती ‘होय’ म्हणेल, ही शक्यता जवळपास नाहीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील पंधरा वर्षांवरील १८.८ टक्के पुरुष आणि १.३ टक्के स्त्रिया मद्यपान करत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण पुरुषांमध्ये साधारण १४ टक्के, तर स्त्रियांमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी नोंदले गेले. स्त्रियांचा आकडा लहान आहे, हे खरे. परंतु तो लाजेच्या आणि भीतीच्या गाळणीतून आलेला आहे, हेही विसरता येणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांपासून मुंबई-पुण्यातील कार्यालयीन मेजवान्यांपर्यंत स्त्रियांच्या मद्यपानाची कारणे आणि रीती भिन्न आहेत. त्यांच्या यकृताचे शरीरशास्त्र मात्र एकच आहे.

माप किती?

महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या विदेशी बनावटीच्या मद्यात साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आले. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ते सुमारे ६० ग्रॅम होते. आठ टक्के अल्कोहोल असलेल्या ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते. ‘आपण तर फक्त बिअर घेतो’ असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात चार छोटे पेग घेत असतो.

२०२३ मध्ये जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ‘फॅटी लिव्हर’च्या आजारांची नवी नावे आणि नवे निकष ठरवले. चयापचयाचा बिघाड आणि मद्य या दोहोंमुळे यकृतात चरबी साठते, अशा रुग्णांचा स्वतंत्र गट त्यात करण्यात आला. या गटाची मर्यादा स्त्रियांसाठी दिवसाला सरासरी २० ते ५० ग्रॅम, तर पुरुषांसाठी ३० ते ६० ग्रॅम अल्कोहोल अशी आहे. त्यापुढील मद्यपान असेल तर आजार थेट मद्यजन्य समजला जातो. पेगच्या भाषेत सांगायचे तर स्त्रीसाठी धोक्याची रेषा दोन छोट्या पेगवर सुरू होते, पुरुषासाठी तीनवर. रोज एक क्वार्टर घेणारा पुरुष या गटाच्या वरच्या टोकाला पोहोचलेला असतो. स्त्री तेच टोक क्वार्टर संपण्याआधीच ओलांडते. अर्थात या रेषांच्या आत सुरक्षितता आहे, असा त्याचा अर्थ नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे मांडली आहे.

निकषांतील हा फरक हवेतून आलेला नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १३ हजारांहून अधिक नागरिकांचा बारा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांमध्ये यकृताच्या आजाराची जोखीम आठवड्याला १४ ते २७ पेयांच्या टप्प्यावर वाढलेली दिसली, तर स्त्रियांमध्ये ती ७ ते १३ पेयांवरच दिसू लागली. दुसऱ्या शब्दांत, निम्म्या दारूवर.

पाणी, जठर आणि संप्रेरके

याची कारणे तीन पातळ्यांवर शोधली गेली आहेत. पहिले कारण साधे आहे. मद्य शरीरातील पाण्यात मिसळते. पुरुषाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो, स्त्रीच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असल्याने तो ५० ते ५५ टक्के भरतो. समान वजनाच्या दोघांनी सारखीच दारू घेतली, तरी स्त्रीच्या रक्तात तिची तीव्रता अधिक राहते.

दुसरे कारण जठरातील आहे. मद्य यकृतापर्यंत पोहोचण्याआधी त्याचा थोडा भाग जठरातील विकर मोडून टाकते. इटली आणि अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले की, हे विकर स्त्रियांच्या जठरात कमी सक्रिय असते. हा फरक नेमका किती मोठा आहे, याबद्दल पुढे मतभेद झाले. तरी पुरुषाच्या जठरात अडवली जाणारी दारूही स्त्रीच्या बाबतीत अधिक प्रमाणात यकृताच्या वाट्याला येते, ही दिशा त्यातून स्पष्ट झाली.

तिसरे कारण संप्रेरकांचे आहे आणि तेच सर्वांत गुंतागुंतीचे आहे. मद्यामुळे आतड्याचे अस्तर सैल पडते. आतड्यातील जिवाणूंचे विषद्रव्य त्यातून पाझरते आणि रक्तावाटे यकृतात येते. यकृतात ‘कुप्फर’ पेशी नावाचे पहारेकरी असतात. विषद्रव्य दिसताच त्या दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. या रसायनांनी विषद्रव्याचा बंदोबस्त होतो, पण यकृताच्या स्वतःच्या पेशीही होरपळतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक या पहारेकऱ्यांना अधिक संवेदनशील बनवते, असे प्रयोगशाळेतील पुरावे सांगतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मादी उंदरांची अंडाशये काढून टाकल्यावर मद्यामुळे होणारी यकृताची इजा घटली. त्यांना इस्ट्रोजेन पुन्हा दिल्यावर ती पुन्हा वाढली. हा पुरावा प्राण्यांवरील आहे. माणसांत असा प्रयोग करता येत नाही. मात्र स्त्रियांचे यकृत कमी दारूत आणि कमी वर्षांत खराब होते, या रुग्णालयांतील अनुभवाशी तो जुळतो.

रक्षकही तेच

येथे एक कोडे उभे राहते. मद्य बाजूला ठेवले तर हेच इस्ट्रोजेन यकृताचे रक्षण करताना दिसते. हिपॅटायटिस-सी झालेल्या रुग्णांच्या यकृतात व्रणतंतू किती वेगाने वाढतात, याचा फ्रान्समधील एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आजार वेगाने वाढण्याची तीन कारणे त्यात पुढे आली : चाळिशीनंतर झालेला संसर्ग, दिवसाला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आणि पुरुष असणे. स्त्री असणे हेच तेथे कवच ठरले. यकृतात व्रणतंतू विणणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

फॅटी लिव्हरमध्येही हेच चित्र आहे. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कमी आढळतो. पाळी थांबली की चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, इन्शुलिनचा प्रभाव घटतो आणि ही तफावत मिटत जाते. भारतातील प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांना मद्याशी संबंध नसलेला फॅटी लिव्हर आहे, असा अंदाज दिल्लीच्या ‘एम्स’मधील तज्ज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडला होता. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधी थांबते. तिचे कवचही तितकेच लवकर गळते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक कडा आहे. बीबीच्या दक्षिणेला लोणार तालुक्याची हद्द संपली की मराठवाडा सुरू होतो. त्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली जातात, तेव्हा इस्ट्रोजेनचा पुरवठा एका दिवसात थांबतो आणि रजोनिवृत्ती पंधरा-वीस वर्षे आधीच येते. त्या चर्चेत कंबरदुखी, हाडांची झीज, थकवा यांचा उल्लेख झाला. यकृताचा उल्लेख क्वचितच झाला. अशा स्त्रीला अंगदुखीवर उतारा म्हणून रात्री दारूचा घोट घेण्याची सवय लागली, तर तिचे यकृत चयापचय आणि मद्य अशा दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडते.

थोडक्यात, मद्य नसताना इस्ट्रोजेन स्त्रीच्या यकृताला राखते, मद्याच्या सोबतीने ते इजा वाढवते आणि रजोनिवृत्तीनंतर राखणही संपते. यांपैकी कोणत्याही अवस्थेत पुरुषासाठी ठरवलेले माप तिला लागू पडत नाही.

पुरुषत्वाचा भ्रम

पुरुषांच्या बाबतीत ही गोष्ट उलट्या दिशेने घडते. दारू आणि मर्दानगी यांची सांगड चित्रपटांनी घातली, जाहिरातींनी घातली, गावच्या कट्ट्यानेही घातली. वैद्यकीय पुरावा नेमके याच्या विरुद्ध आहे. १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात निरोगी पुरुष स्वयंसेवकांना चार आठवड्यांपर्यंत नियमित मद्य देण्यात आले. त्यांचे यकृत बिघडलेले नव्हते, तरी त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटले. मद्य वृषणांवर थेट आघात करते आणि मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेशही मंदावते.

पुढे यकृत बिघडू लागले की दुसरा टप्पा येतो. संप्रेरकांची विल्हेवाट लावण्याचे मोठे काम यकृताकडे असते. ते मंदावते, पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात होणारे रूपांतर वाढते आणि उरलेल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिनही रक्तात वाढते. परिणाम डोळ्यांना दिसतात. छाती वाढते, अंगावरचे केस विरळ होतात, वृषणे आक्रसतात, इच्छा आणि क्षमता दोन्ही घटतात. तळवे लालसर होतात. छातीवर आणि खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या उमटतात. पोटातील पाणी उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधानेही छाती वाढू शकते. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर ही तक्रार आणखी बळावते आणि काही रुग्ण लाजेपोटी औषधच बंद करतात.

या खुणांचे व्यावहारिक मूल्य मोठे आहे. त्या ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. छाती वाढली म्हणून संकोचाने येणाऱ्या किंवा मूल होत नाही म्हणून पत्नीची तपासणी करून घेणाऱ्या पुरुषाला दारूबद्दल विचारून यकृत तपासले, तर आजार काही वर्षे आधी हाती लागू शकतो. स्त्रियांमध्येही दीर्घकाळच्या मद्यपानाने पाळी अनियमित होते आणि गर्भधारणेत अडचण येते. वंध्यत्वासाठी आलेल्या जोडप्याला मद्याबद्दल प्रश्न विचारणे हा दोघांच्याही तपासणीचा भाग असायला हवा.

गोळ्या, इंजेक्शने आणि व्यायामशाळा

शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकांइतकीच बाहेरून घेतलेली संप्रेरकेही यकृताला जाणवतात. गर्भनिरोधक गोळ्या आणि यकृतातील एक सौम्य गाठ यांचा संबंध १९७३ मध्ये प्रथम मांडला गेला. आजच्या गोळ्यांतील संप्रेरकांची मात्रा तेव्हाच्या तुलनेत बरीच कमी आहे आणि निरोगी स्त्रीने त्या घेण्यात यकृताच्या दृष्टीने भीतीचे कारण नाही. मात्र आजारी यकृताला हा नियम लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार, यकृताचे काम ढासळलेल्या सिऱ्होसिसमध्ये इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या वर्ज्य आहेत आणि दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचाही सहसा सल्ला दिला जात नाही.

सरकारी आरोग्य केंद्रात माला-एन या गोळ्या, ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी मोफत मिळते. ‘छाया’ संप्रेरकविरहित असली, तरी नुकतीच कावीळ झालेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या स्त्रीला ती देऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. तांबी मात्र यकृताच्या आजारातही चालते. म्हणजे ‘कावीळ झाली होती का?’ आणि ‘दारू घेता का?’ या दोन प्रश्नांवर स्त्रीला कोणते साधन द्यायचे, हे ठरू शकते. गर्दीच्या दिवशी नेमके हेच प्रश्न मागे पडतात.

शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही व्यायामशाळांमधून पुरुषी संप्रेरकांची कृत्रिम रूपे हातोहाती फिरतात. त्यांतील तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृतात लवकर मोडू नयेत, अशा रीतीने त्यांची रासायनिक रचना बदललेली असते. हाच बदल यकृताला महाग पडतो. पित्त तुंबून तीव्र कावीळ होणे, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होणे, गाठी होणे हे त्यांचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. दंड भरावेत म्हणून गोळ्या आणि आठवड्याच्या शेवटी दारू, हा मेळ तरुण यकृतालाही झेपणारा नाही.

पत्नी दिसते, रुग्ण दिसत नाही

महाराष्ट्रात दारूविरोधी लढ्याचा कणा स्त्रियाच राहिल्या आहेत. गडचिरोलीतील दारूबंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी ती लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने उठवली. २००८ च्या शासन आदेशाने गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवर दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद केली आणि ‘आडवी बाटली’ हे चिन्ह राज्याच्या राजकीय शब्दकोशात आले. या साऱ्या इतिहासात स्त्री ठळकपणे दिसते. परंतु ती दिसते मार खाणारी पत्नी म्हणून, मुलाची फी दारूत गेलेली आई म्हणून किंवा मोर्चाची पुढारी म्हणून. स्वतःच्या यकृताची मालकीण म्हणून ती या चर्चेत येत नाही. चळवळीने दारूला पुरुषांचा दोष मानले, आरोग्ययंत्रणेने पुरुषांचा आजार मानले आणि पिणारी स्त्री दोन्हीकडून वगळली गेली.

सरकारच्या तिजोरीचे गणित यापेक्षा निराळे आहे. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले आणि धान्यापासून बनवलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला मंजुरी दिली. १८० मिलिलिटरची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, नव्या वर्गासाठी १४८ रुपये आणि विदेशी बनावटीच्या मद्यासाठी २०५ रुपये ठरली. या बदलांतून १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. दर वाढल्याने मद्यपान काही प्रमाणात घटते, हे जगभर दिसले आहे. त्या अर्थाने करवाढ स्वागतार्ह म्हणता येईल. परंतु महसूल इतक्या काटेकोरपणे मोजणाऱ्या शासनाला मद्यपान मोजण्यासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोनच रकाने पुरेसे वाटावेत, हा विरोधाभास खटकणारा आहे.

तीन प्रश्न, एक गणित

उपाय महागडे नाहीत. फॅटी लिव्हरचा समावेश केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्येच असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. त्यासाठीची चौकट तयार आहे. तिच्यात दोन गोष्टींची भर हवी.

पहिली गोष्ट प्रश्नांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीवर आधारलेली ‘ऑडिट-सी’ ही तीन प्रश्नांची छोटी कसोटी जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एका वेळी किती पिता आणि एका बैठकीत खूप पिण्याचे प्रसंग किती येतात, एवढेच त्यात विचारले जाते. धोक्याचे गुण पुरुषांसाठी चार आणि स्त्रियांसाठी तीन मानले जातात. कमरेच्या घेराला ‘सीबॅक’ने जो न्याय दिला, तोच येथे दारूला मिळतो. हे प्रश्न स्त्रीला ओसरीवर न विचारता उपकेंद्रात, एकांतात आणि आरोग्यसेविकेने विचारले, तर उत्तरे खरी मिळण्याची शक्यता वाढेल.

दुसरी गोष्ट तपासणीची. वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेटची संख्या या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढता येतो. तो १.३ च्या खाली असेल तर गंभीर व्रणतंतूंची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची रेषा २ धरतात. या रक्ततपासण्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातील आहेत. निर्देशांक काढायला मोबाइलवरील गणकयंत्र पुरते. संशयित रुग्णाला पुढे पाठवण्यासाठी जिल्ह्यात २०२४ पासून बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

वेळेचे महत्त्व येथे निर्णायक आहे. मद्याने यकृतात साठलेली चरबी दारू पूर्ण थांबवल्यास बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत उतरते. सिऱ्होसिसपर्यंत पोहोचलेले यकृत मात्र क्वचितच पूर्ववत होते. या दोन टोकांमध्ये जी वर्षे असतात, त्यांतच रुग्ण सापडायला हवा. दुर्दैवाने हीच वर्षे अनेकदा वाया जातात. डोळे पिवळे झाले की चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवून’ घेण्याची पद्धत आजही अनेक गावांत आहे. हातावरून निघालेले पिवळे पाणी पाहून घरच्यांना समाधान वाटते आणि डॉक्टरांकडे जाणे लांबते.

बीबीच्या रस्त्यावर टांगलेल्या सलाइनच्या बाटल्यांनी ग्रामीण आरोग्यसेवेतील खाटांची कमतरता साऱ्या राज्याला दाखवली. यकृताच्या बाबतीतली कमतरता खाटांच्या आधीची आहे. ती प्रश्न विचारण्याची आहे. ‘रोज पिता का?’ याऐवजी ‘किती पिता?’ असे विचारायला आणि उत्तर देणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, रजोनिवृत्तीपूर्वीची आहे की नंतरची, कोणत्या गोळ्या घेते, हे लक्षात ठेवायला नवी इमारत लागत नाही. अर्जातील एक ओळ बदलावी लागते. ती बदलेपर्यंत आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन स्त्रीच्या कमरेला योग्य फीत लावत राहील आणि तिच्या यकृताला चुकीची.